फिटची गोळी चालू असताना ताकदीची गोळी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पांढरकवड्याकडच्या एका कास्तकार भाऊंचं वय ४४. मिरगीसाठी अकरा वर्षांपासून रोज रात्री फेनोबार्बिटोन ६० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतात. चार वर्षांत फिट नाही. पण गेल्या दीड वर्षापासून लिंगाला ताठरता येत नाही. मित्राने ताठरतेसाठीची ‘ताकदीची’ गोळी, सिल्डेनाफिल ५०, आणून दिली, तीनदा घेऊनही फरक पडला नाही. मग दारूसोबत १०० ची घेतली, तर भोवळ आली आणि काम तरीही झालं नाही. मेडिकलवाला म्हणतो, गुंगीच्या औषधासोबत ही गोळी घेतली की हार्ट बंद पडतं. मित्र म्हणतो, ‘फिटची गोळी दोन दिवस बंद ठेव, मंग पाह्य.’ आता ऐकायचं कोणाचं?

भाऊ, दोघांचंही ऐकू नका. पण दोघांत जास्त धोकादायक सल्ला मित्राचा आहे. मेडिकलवाल्याची भीती वाढवून सांगितलेली असली तरी ती मानून तुमचं फारसं बिघडणार नाही. मित्राचं ऐकलं तर फिट येऊ शकते, आणि ती विहिरीच्या काठावर, मोटारसायकलवर किंवा रात्रीच्या ओलिताला पंपाजवळ एकटे असताना येऊ शकते. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण फेनोबार्बिटोन आज रात्रीही घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे सरळ कधीच येत नाही. माणूस येतो तो ‘अशक्तपणा’ सांगत, नाहीतर ‘कंबर दुखते’ म्हणत. बायको किंवा पोरगा बाहेर गेला की मग आवाज खाली करून खरं काय ते निघतं. तुम्ही गोळ्यांची नावं आणि ताकद लिहून विचारलं, हे अर्धं काम झालं. नाव कळल्याशिवाय मला उत्तरच देता आलं नसतं.

तुमचा खरा प्रश्न गोळी लागू का पडली नाही, हा आहे. आधी त्याचं कारण बघू.

सिल्डेनाफिल पोटात गेली की तिची विल्हेवाट यकृत लावतं. यकृतात सीवायपी ३ए४ नावाचं एक एन्झाइम, म्हणजे औषध मोडणारं प्रथिन आहे. सिल्डेनाफिल आणि तिच्याच जातीची टाडालाफिल दोन्ही मुख्यतः तेच मोडतं. फेनोबार्बिटोन रोज घेतलं की यकृत हे एन्झाइम जास्त बनवायला लागतं. जिनिंगवर यंत्रं दुप्पट केली की तोच कापूस निम्म्या वेळात संपतो, तसंच हे. साध्या माणसाच्या रक्तात सिल्डेनाफिल सुमारे चार तासांत निम्मी होते. तुमच्या अंगात मुळात रक्तापर्यंत पोचते तीच कमी, आणि पोचलेली लवकर उतरते. हा परिणाम किती मोठा असू शकतो याचा अंदाज हे एन्झाइम वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधांवरून येतो. टीबीचं रिफाम्पिसिन रोज ६०० मिलिग्रॅम चालू असताना टाडालाफिलची शरीराला मिळणारी एकूण मात्रा ८८ टक्क्यांनी घटते. फुप्फुसाच्या रक्तदाबावरच्या बोसेंटानमुळे सिल्डेनाफिलची मात्रा साठ टक्क्यांहून अधिक खाली येते. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही सगळी याच गटातली, आणि टाडालाफिलच्या अधिकृत माहितीपत्रकातही त्यांची नावं रिफाम्पिसिनच्या पाठोपाठ येतात. तेव्हा तुमची ५० ची गोळी निकामी गेली यात मला नवल वाटत नाही.

आता मित्राचा हिशेब तपासू. फेनोबार्बिटोन फार चिवट औषध आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात ते निम्मं व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. दोन दिवस गोळी चुकवली तर जेमतेम तिसरा हिस्सा उतरतो. आणि समजा सगळं उतरलं, तरी यकृताने वाढवून ठेवलेलं एन्झाइम पूर्वपदावर यायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे दोन दिवसांच्या खाड्याने सिल्डेनाफिलला काहीच फायदा नाही. मेंदूचं संरक्षण मात्र एक तृतीयांश गेलं, आणि त्याच रात्री दारू आणि जागरण. दोन दिवसांत फिट आली नाही तर आणखी वाईट, कारण पुढच्या वेळी माणूस चार दिवस बंद ठेवतो, मग आठ दिवस. बार्बिट्युरेट, म्हणजे फेनोबार्बिटोनच्या गटातलं औषध, अचानक तोडल्यावर येणारी फिट नेहमीच्या फिटसारखी दोन-तीन मिनिटांत थांबेलच असं नाही. एकामागून एक फिट येत राहते, मधे शुद्ध येत नाही, त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि त्यात माणूस दगावतो. खेड्यातून यवतमाळ किंवा सेवाग्रामला पोचेपर्यंत किती वेळ जातो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मेडिकलवाल्याच्या म्हणण्यात तथ्य किती? बार्बिट्युरेटची बदनामी जुनी आहे आणि खरीही आहे. फेनोबार्बिटोन १९१२ साली जर्मनीत ‘ल्युमिनल’ नावाने बाजारात आलं. पुढची काही दशकं या गटातली औषधं झोपेसाठी सर्रास दिली जात. ती जास्त घेतली की श्वास मंदावतो, आणि दारूसोबत तर फारच. म्हणूनच झोपेसाठी त्यांचा वापर जवळजवळ संपला. पण आकडीसाठी नेमून दिलेल्या मात्रेत, अकरा वर्षं सवय झालेल्या माणसात, फेनोबार्बिटोन रक्तदाब फारसा पाडत नाही. सिल्डेनाफिल १०० ने निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब सरासरी आठ-दहा अंकांनी खाली येतो. या दोघांची बेरीज होऊन धडधाकट हृदय बंद पडत नाही.

मग तुम्हाला भोवळ का आली? दारू. सिल्डेनाफिल रक्तवाहिन्या सैल करते, दारूही करते, आणि फेनोबार्बिटोन व दारू मिळून गुंगी दुप्पट होते. मोहाची असो की देशी, तिची ताकद कोणी मोजून देत नाही. रात्री लघवीला उठताना अशा अवस्थेत पडून खुबा मोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि ती सगळी म्हातारी नव्हती. फेनोबार्बिटोन चालू आहे तोवर दारू नको. हे मी नीतीचं म्हणून सांगत नाही. तुमच्या तिन्ही गोष्टी, आकडी, श्वास आणि ताठरता, ती एकाच वेळी बिघडवते.

हृदयाबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नायट्रेट गटाच्या औषधांसोबत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल कधीच नाही. आपल्याकडे छातीत दुखलं की घरात कोणाची तरी सॉर्बिट्रेट असते, ती नायट्रेटच, आणि लगेच जिभेखाली ठेवली जाते. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास ती गोळी जीवघेणी ठरू शकते, कारण रक्तदाब एकदम कोसळतो. छातीत कळ आली तर १०८ ला फोन करा आणि गाडीतल्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक गोळी अमुक वाजता घेतली. लाजेपोटी हे लपवण्यासारखी महाग लाज नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा रक्तदाबासाठी प्राझोसिन चालू असेल तरीही आधी विचारा, त्यांच्यासोबत उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते.

मग ५० लागू पडत नाही, १०० पडत नाही, तर दोनशे? नाही. २४ तासांत एकदाच, आणि १०० च्या वर नाही. ही मर्यादा फेनोबार्बिटोन घेणाऱ्यालाही तीच. तुमचं यकृत औषध लवकर मोडतं हे खरं, पण नेमकं किती लवकर ते घरी बसून मोजता येत नाही. शिवाय सिल्डेनाफिल बाजारात आल्यानंतर नोंदवलेल्या दुष्परिणामांत फिट येणं आणि थांबलेली फिट परत येणं यांचाही उल्लेख आहे. हे क्वचित होतं, पण ज्याला मुळात मिरगी आहे त्याने मात्रा स्वतःच्या मनाने चढवत नेऊ नये, एवढं त्यावरून ठरतं.

गोळी फसण्याची साधी कारणंही बघून घ्या, कारण सगळा दोष फेनोबार्बिटोनच्या माथी मारणंही बरोबर नाही. तर्रीदार मटण, वर भाकरी, मग गोळी, असा क्रम असेल तर सिल्डेनाफिलचा असर तासभर पुढे ढकलला जातो आणि कमीही होतो. ती हलक्या पोटी, तासभर आधी घ्यायची असते. टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही. आणि ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. घेतली आणि आढ्याकडे बघत वाट पाहत पडलं, तर काही होत नाही. जवळीक, स्पर्श, मन तिकडे असणं हे लागतंच. आठवडी बाजारातल्या किंवा यात्रेतल्या तंबूतल्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांबद्दल एवढंच सांगतो की, अशा पुड्यांत सिल्डेनाफिल कुटून मिसळल्याचं जगभर तपासणीत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. किती मिसळलं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आयुर्वेदिक समजून घेतलेली ती पुडी आणि घरातली सॉर्बिट्रेट एकत्र आली तर काय, ते वर सांगितलंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. ताठरता गेली तीच कदाचित फेनोबार्बिटोनमुळे. आपण एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने झाकायला बघतो, आणि पहिलीच गोळी दुसरीला खाऊन टाकते, असं हे चक्र आहे. एन्झाइम वाढवणारी आकडीची औषधं रक्तातलं एक प्रथिन वाढवतात. ते प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, त्यामुळे अंगाला उपयोगी पडणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. इच्छा मंदावते, पहाटेची ताठरता जाते. याशिवाय फेनोबार्बिटोनने सुस्ती येते आणि काहींना उदासी येते. ही उदासी आपल्या भागात कोणी आजार म्हणून मोजत नाही. कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, कारणं समोरच दिसत असतात, मग औषधाकडे लक्ष जात नाही. तुम्हाला सकाळी उठावंसं वाटत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरला तेही सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर त्याच दिवशी बोला. तो सरकारी आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

फेनोबार्बिटोनला मी नावं ठेवत नाही. स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि त्याच्यावर खेड्यापाड्यातली असंख्य माणसं फिटशिवाय जगतात. तुमची चार वर्षं त्यानेच सांभाळली. पण अकरा वर्षांपूर्वी सुरू झालेली चिठ्ठी तशीच पुढे चालू राहते आणि मधे कोणी विचारतच नाही की आता दुसरं काही जास्त बरं पडेल का, हे आपल्याकडचं दुखणं आहे. लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट ही औषधं यकृताचं हे एन्झाइम वाढवत नाहीत. कोणतं कोणाला चालेल हे फिटच्या प्रकारावर ठरतं. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, व्हॅल्प्रोएटने वजन. त्यामुळे हा निर्णय न्यूरोलॉजिस्टचा, नाहीतर अनुभवी फिजिशियनचा.

हा बदल कसा करतात ते समजून घ्या, कारण घाई इथेच होते. आधी नवं औषध सुरू करून पुऱ्या मात्रेला आणतात. मग फेनोबार्बिटोन थोडं थोडं करत काही महिन्यांत उतरवतात. या काळात ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही, विहिरीत उतरणं नाही, झाडावर चढणं नाही. पेरणीच्या किंवा वेचणीच्या तोंडावर हा बदल करायला घेऊ नका. हाताला काम कमी असेल असे महिने निवडा आणि डॉक्टरला तसं सांगा, ते मान्य करतील.

एक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. फेनोबार्बिटोन उतरत गेलं की यकृताचं वाढलेलं एन्झाइमही उतरतं. आज जी १०० ची सिल्डेनाफिल तुम्हाला पाण्यासारखी वाटते, तीच त्यानंतर पूर्ण ताकदीने लागते. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, भोवळ, हे तेव्हा सुरू होतं. म्हणून बदल झाल्यावर २५ किंवा ५० पासून पुन्हा सुरुवात, तीही डॉक्टरला विचारून. इतर औषधांनाही हाच नियम. रक्तदाबाचं अॅम्लोडिपिन, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर त्यांची मात्राही नव्याने बघावी लागते. वॉरफॅरिनच्या बाबतीत तर रक्त तपासणी जवळजवळच्या तारखांना करावी लागते, नाहीतर रक्तस्राव होतो.

बदलाआधी काही तपासण्या करून घ्या, म्हणजे फेनोबार्बिटोनवर उगाच आळ येणार नाही. साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन. दुपारी काढलेलं टेस्टोस्टेरॉन फसवं येतं. चाळिशीनंतर ताठरता जाण्याचं माझ्याकडे सर्वात जास्त दिसणारं कारण म्हणजे माहीत नसलेला मधुमेह, आणि त्याच्या खालोखाल खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. तुम्ही खर्र्याचं काही लिहिलं नाही, पण मी विचारणारच. तंबाखूने लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्या आधी खराब होतात, हृदयाच्या नंतर. त्यामुळे ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी हजेरी लावते, आणि म्हणूनच तुमच्या वयाला ईसीजी काढून ठेवावा असं मला वाटतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी. तुमची ‘झोपेची गोळी’ अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल तर ती बार्बिट्युरेट नाही आणि यकृताचं एन्झाइम वाढवत नाही. तिच्यासोबत सिल्डेनाफिल फसण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. गुंगी मात्र तीही वाढवते, आणि तीही एकदम बंद करायची नसते. उलटा प्रकारही असतो. नायट्यासाठी हल्ली महिना महिना इट्राकोनाझोल दिलं जातं. ते हेच एन्झाइम अडवतं, त्यामुळे ५० ची सिल्डेनाफिल अंगात कितीतरी जास्त होऊन बसते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर यांचंही तसंच. ही औषधं चालू असताना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सिल्डेनाफिल घेऊच नका.

आणि सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट आणि आपल्याही तालुक्यांत हा आजार घराघरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णात लिंगात रक्त अडकून ताठरता उतरतच नाही असा त्रास मुळातच होतो, आणि ही गोळी घेताना तो धोका डोक्यात ठेवावा लागतो. सिकलसेलच्या रुग्णांवर सिल्डेनाफिलची एक मोठी चाचणी वेदनेचे झटके वाढल्यामुळे मुदतीआधीच थांबवली गेली होती. स्वतःचा सिकलसेलचा रिपोर्ट माहीत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. कोणाचीही ताठरता चार तासांच्या वर टिकली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं. उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

भाऊ, तुमच्यासाठी शेवटी हे. यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये, जिथे सोयीचं पडेल तिथे जा. सोबत सगळ्या पट्ट्या न्या, रिकाम्यासुद्धा, आणि जुना ईईजी (मेंदूचा आलेख) व सिटी स्कॅन असेल तर तोही. डॉक्टरसमोर बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहा: ‘फेनोबार्बिटोन ६०, रात्री दोन, अकरा वर्षं. ताठरता नाही, दीड वर्ष. सिल्डेनाफिल ५० आणि १०० घेऊन पाहिली.’ एवढा कागद टेबलावर ठेवला की पुढचं बोलणं डॉक्टरच सुरू करतात. चार वर्षं फिट नसल्यामुळे कदाचित ते औषध बदलण्याऐवजी हळूहळू बंदच करण्याचा विचार मांडतील. दोन वर्षं किंवा अधिक फिट न आलेल्या काही रुग्णांत तसं करतात. पण मोठ्या माणसात फिट परत येण्याची शक्यता राहते, आणि तुम्ही शेतात एकटे काम करता, हे त्यांना आठवण करून द्या. घरी येऊन कारभारणीला हे सगळं सांगा. औषध बदलाच्या महिन्यांत फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा कांदा-चप्पल काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा, हे तिला आधीपासून माहीत हवं.